गाठ सांगायची कुणाला?

सत्ताविशीतल्या आयटीवालीला ऑफिसच्या पॅकेजात मॅमोग्राफी फुकट! आणि सोनईच्या पन्नाशी ओलांडलेल्या मामीला मात्र आयुष्यात कुणी साधं हातानं तपासलेलं नाही. ब्रेस्ट कॅन्सरच्या तपासणीचं हे गणित इतकं उलटं कसं काय?

ऑक्टोबर आला की आपली ऑफिसं कशी एकदम गुलाबी होऊन जातात! रिसेप्शनवर गुलाबी फुगे, कॅन्टीनमध्ये गुलाबी आयसिंगचे कपकेक, एचआरचा गुलाबी बॉर्डरवाला मेल आणि शर्टवर टोचायला ती इवलीशी रिबीन. बॉसपासून ऑफिस बॉयपर्यंत सगळे रिबीन लावून ग्रुप फोटो काढतात. वाईट काहीच नाही त्यात. निदान ‘ब्रेस्ट कॅन्सर’ हा शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारला जातो, हेही थोडं नाही.

माझी एक मैत्रीण हिंजवडीत जॉब करते. वय वर्षं सत्तावीस. तिच्या कंपनीनं गेल्या ऑक्टोबरमध्ये मुलींसाठी खास ‘वेलनेस पॅकेज’ काढलं. शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी आणि... मॅमोग्राफी. बाईसाहेब अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्या, एसी वेटिंग रूममध्ये कॉफी प्यायल्या, मशीनपुढे उभ्या राहिल्या. रिपोर्टमध्ये ‘डेन्स’ असं काहीतरी आलं म्हणून मग सोनोग्राफी. मधले चार दिवस तिची झोप उडालेली. शेवटी निघालं काय? काहीच नाही. सगळं नॉर्मल.

आता गंमत बघा. ती मॅमोग्राफी तिला मुळात नकोच होती. कमी वयात स्तनांचं टिश्यू दाट असतं आणि मॅमोग्राफीत दाट टिश्यूही पांढरं दिसतं, गाठही पांढरीच दिसते. घरात कुणाला हा आजार नसेल आणि स्वतःला काही त्रास नसेल, तर चाळिशीच्या आत नेहमीची मॅमोग्राफी करून घ्या असं मोठ्या गाइडलाइन्स सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी असं सांगितलं. सत्तावीस कुठंच नाही!

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मला सोनईत दिसला. माझ्या मामीच्या घरी.

गाव मागास नाही हो!

सोनई म्हणजे नेवासा तालुक्यातलं, शनिशिंगणापूरच्या शेजारचं गाव. नगर जिल्ह्यातलं म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, पण मामाच्या तोंडात अजून नगरच. मुळा सहकारी साखर कारखान्याचं हे गाव. इथं बँका आहेत, कॉलेजं आहेत, पोरांच्या हातात आपल्यासारखेच स्मार्टफोन आहेत. ऊस, कांदा आणि दूध यांवर पैसा फिरतो. ‘दुर्गम’, ‘वंचित’ वगैरे शब्द डोक्यात येत असतील तर ते बाजूला ठेवा. त्यांचा इथं काही उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या दिवशी उटणं लावताना मामीच्या हाताला डाव्या बाजूला गाठ लागली. आवळ्याएवढी. तेव्हा ती एकावन्न वर्षांची होती. निदान झालं त्यानंतरच्या एप्रिलमध्ये. मधले पाच-साडेपाच महिने गेले कुठे, हे मी तिला नंतर विचारलं. उलटतपासणी म्हणून अजिबात नाही, मला खरंच समजून घ्यायचं होतं.

“अगं, दुखतच नव्हतं,” मामी म्हणाली. “दुखलं असतं तर सांगितलं असतं की. ना ताप, ना कळ. उगं कुनाला सांगायचं?”

ब्रेस्ट कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. तिचा खरा कावेबाजपणा हाच. आणि आपल्याकडच्या बायका दुखणं अंगावर काढण्यात इतक्या तरबेज, की न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखाना म्हणजे निव्वळ चैन!

जानेवारीत मात्र तिला जरा धास्ती वाटली. ती मुलाला म्हणाली, “छातीत कसंतरी होतंय.” माझा मामेभाऊ घाबरला, तसाच तिला गाडीवर बसवून एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पदरावरून स्टेथोस्कोप लावला, ईसीजी काढला आणि सांगितलं की हार्ट एकदम उत्तम आहे, ॲसिडिटी असेल. गोळ्या घेऊन मायलेक घरी.

“मग तू नीट सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“काय सांगायचं? शेजारी पोरगा बसलेला. समोर बाप्या डॉक्टर. छाती म्हनलं ना मी!”

हसू येतं ना? मलाही आलं. मग लक्षात आलं की खरंच, मामीकडे दुसरा शब्दच नव्हता. ‘स्तन’ हा पुस्तकातला शब्द, तो बोलण्यात कुणी वापरत नाही. बोलण्यातले जे शब्द आहेत ते शिवीसारखे वाटतात. उरला तो ‘छाती’, आणि छाती म्हटलं की डॉक्टर हार्टकडे वळतात. आपण शहरातल्या मुली इंग्रजी ‘ब्रेस्ट’ म्हणून सुटतो. मामीला ती पळवाटच नाही.

फेब्रुवारीत घरातलं लग्न. मार्चपासून उन्हाळी कांद्याची काढणी. “कांदा निघू दे म्हनलं, मग बघू.” शेवटी कांदा काटताना तिचा डावा हात नीट वर जाईना, ते सुनेच्या नजरेत आलं. तिनं आडोशाला नेऊन विचारलं, मामीनं तिथंच पदर बाजूला केला. सून तेवीस वर्षांची, बीए झालेली. तिनं फक्त एवढंच पाहिलं की कातडी आत ओढल्यासारखी झालीय. त्याच रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळे नगरला.

“कमी शिकलेल्या ना, म्हणून...”

पुण्यात मी ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या बहुतेकांनी एकच वाक्य ऐकवलं : “खेड्यात अवेअरनेस नाही ना!” आपला सगळ्यांचा हा आवडता निष्कर्ष. गाव अडाणी, बाई अडाणी, विषय संपला. पोस्टर लावा, पथनाट्य करा, झालं.

पण मामीच्या गोठ्यात पाच गाई आहेत. पहाटेच्या अंधारात धार काढायला बसली की नुसता हात लावून ती सांगते की कुठल्या गाईच्या कासेला टणकपणा आलाय, कुठल्या सडाचं दूध उद्या नासणार. दगडीचा नुसता संशय आला तरी दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर गोठ्यात हजर. उशीर झाला तर सड कायमचं जातं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. लवकर निदानाचं महत्त्व या बाईला आपण समजावून सांगायचं?

म्हणजे माहिती होती, हातात कसबही होतं. मग फरक कुठे पडला? जनावरांचा डॉक्टर फोन केला की गोठ्यात येतो. त्याच्यापुढे गाईची लाज कुणाला वाटत नाही. आणि गाय आजारी पडली तर दुधाचा हिशोब घरातल्या सगळ्यांना कळतो. मामीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट्या. तिलाच डॉक्टर शोधत जायचं, परपुरुषापुढे उघडं व्हायचं, आणि तिच्या एका दिवसाची किंमत घरात कुणी कधी मांडलेलीच नाही.

तिच्या शेजारच्या गावाचीच आठवण काढा. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ द्यावं म्हणून केवढं आंदोलन पेटलं होतं! प्रकरण हायकोर्टात गेलं आणि ८ एप्रिल २०१६ ला, गुढीपाडव्याला, देवस्थाननं तो चौथरा बायकांना खुला केला. सगळ्या चॅनल्सच्या ओबी व्हॅन तिथं होत्या. ती अडवणूक डोळ्यांना दिसत होती, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चा काढता आला. तपासणीच्या खोलीच्या दारावर ‘महिलांना प्रवेश नाही’ अशी पाटी कुठंच नाही. त्यामुळे मोर्चाही नाही.

कागदावर हक्क, ओट्यावर प्रश्न

तुम्ही म्हणाल, सरकार काहीच करत नाही का? करतं ना. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं तोंडाचा, गर्भाशयमुखाचा आणि स्तनांचा, अशा तीन कॅन्सरच्या तपासणीचा आराखडा आणला. त्यानुसार तिशीपुढच्या प्रत्येक बाईच्या स्तनांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकेनं हातानं तपासणी करायची. फुकट. म्हणजे मामीचा यावर गेली कित्येक वर्षं रीतसर हक्क आहे!

आणि प्रत्यक्षात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानं देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की तुमची ब्रेस्ट कॅन्सरसाठी कधी तरी तपासणी झालीय का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. आयसीएमआरचा २०२० चा अहवाल सांगतो की ब्रेस्ट कॅन्सरच्या ५७ टक्के पेशंटचं निदान होतं तेव्हा आजार गाठीपुरता उरलेला नसतो, आजूबाजूला पसरलेला असतो. मामी याच ५७ टक्क्यांतली. तिची गाठ काखेपर्यंत पोचली होती. २०२२ मध्ये भारतात या कॅन्सरच्या अंदाजे १ लाख ९२ हजार नव्या केसेस झाल्या आणि अंदाजे ९८ हजार मृत्यू.

हक्क आणि ०.९ टक्के यांच्यामध्ये नेमकं काय आहे, ते मला याच ऑक्टोबरमध्ये मामीच्या ओट्यावर बसून बघायला मिळालं. आशाताई आल्या होत्या, हातात फॉर्म. शेजारची काकू, तिची सासू, मोटारसायकल पुसणारा मुलगा, सगळे तिथंच. आशाताई भराभर विचारत होत्या. तंबाखू? नाही. दम लागतो? नाही. तोंडात जखम? नाही. मग आवाज एकदम खाली आणून, “छातीत गाठबीठ?” काकूनं मुलाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, “नाही.” टिक झाली. पुढचं घर.

मी आशाताईंना दोष देणार नाही. लसीकरण, बाळंतपणं, सर्व्हे, मीटिंगा, मोबाइलवर माहिती भरणं असं सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण तो प्रश्न पाच मिनिटं आतल्या खोलीत बसून विचारला असता तर? उत्तर कदाचित ‘नाही’च आलं असतं. पण ते खरं ‘नाही’ असतं.

खाडा

मामीची निदान स्वतःची शेती आहे. गळीत हंगामात या भागात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बऱ्याचशा बीडकडून आणि पाथर्डी-शेवगावकडून. उसाच्या पाचटाच्या नाही तर ताडपत्रीच्या कोप्या. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल हंगामाच्या आधीच घेतलेली, ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की तो ‘खाडा’, आणि मुकादम खाड्याचे पैसे कापतो. पाळी असो, ताप असो, पोर आजारी असो... खाडा तो खाडा.

या बायकांना कुणी ‘ऑक्टोबरमध्ये तपासणी करून घ्या’ म्हणेल? ऑक्टोबरमध्ये त्यांचं बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढत असतं. गावातल्या आशाताईच्या यादीत नाव, पण बाई गावात नाही. बाई जिथं आहे तिथल्या यादीत तिचं नावच नाही.

आणि ‘कॅन्सर’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता असंही नाही बरं का! २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवरून गदारोळ झाला, आठवतंय? सरकारी पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं आपल्याला सांगितलं होतं, असं त्यांतल्या अनेकजणींनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं. कॅन्सरची भीती शेताच्या बांधापर्यंत व्यवस्थित पोचली. तपासणी तेवढी वाटेत राहिली.

वेल्समधल्या एका खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक नियम मांडला होता. सोप्या मराठीत त्याचा अर्थ असा, की चांगली आरोग्यसेवा जिथं जास्त गरजेची असते नेमकी तिथंच ती कमी मिळते. माझी सत्ताविशीतली मैत्रीण, माझी मामी आणि कोपीतली बाई, तिघींना एका रांगेत उभं करा. डॉक्टरांचा नियम पन्नास वर्षांनीही तंतोतंत!

मशीन नको, हात हवा

मग काय, गावोगावी मॅमोग्राफीची मशीन्स बसवायची? मलाही आधी तेच वाटलं होतं. पण या विषयावरचा जगातला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या मुंबईतच झालाय, आणि त्यात मॅमोग्राफीचं मशीन नव्हतं.

टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये काम सुरू केलं. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायका. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी हातानं स्तनतपासणी, अशा चार फेऱ्या. तपासणाऱ्या कोण? डॉक्टर नाहीत. साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या, या कामाचं ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका. बायकांनी बायकांना तपासायचं, त्यांच्याच वस्तीत. उरलेल्या वस्त्यांमध्ये फक्त माहिती द्यायची. वीस वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडलेल्या केसेस होत्या ३७ टक्के, दुसरीकडे ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही त्यातच लिहिलंय. हात म्हणजे जादू नाही. पण मामीच्या वयाला त्या हातानं फरक पडतो.

बरं, मग बाईनं घरी स्वतःच तपासलं तर? शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या २ लाख ६६ हजार बायकांना हे पद्धतशीर शिकवून पाहिलं होतं. २००२ मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे मृत्यू कमी झाले नाहीत. स्वतःच्या शरीराची ओळख हवीच, बदल दिसला तर दाखवायलाही हवं. पण ‘स्वतः तपासा’ असा मेल पाठवून आपली जबाबदारी झटकता येत नाही.

आणि असे हात तयार करणं आपल्या जिल्ह्याला काही नवीन नाही. याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्यानं १९७० मध्ये काम सुरू केलं. गावातल्या अगदी साध्या, कित्येकदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. बाळंतपणं, कुपोषण, कुष्ठरोग, सगळं त्या बायकांनी हाताळलं. जग बघायला आलं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथले कार्यकर्ते पेशंट येईल म्हणून वाट बघत बसले नाहीत, गावोगावी जाऊन लक्षणं विचारत फिरले.

म्हणजे उपाय परदेशातून आणायचा नाहीये. मुंबई, जामखेड, बार्शी, सगळं एसटीच्या टप्प्यात आहे. अडलंय ते बाईसाठी एक बंद दार, एक शिकलेला हात आणि गाठ सापडलीच तर पुढे नेणारं कुणीतरी यांच्यापाशी.

हे ‘पुढे’ फार महत्त्वाचं. सोनईहून नगर पस्तीस-चाळीस किलोमीटर. मामीला मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायॉप्सी, प्रत्येक वेळी तिकडे जावं लागलं. प्रत्येक वेळी गाडी, सोबतीला एक माणूस, गोठ्यात बदली हात. बायॉप्सीच्या आधी गावातल्या चार जणींनी येऊन सांगितलं, “सुई टोचू देऊ नका, पसरतं!” त्यात दोन आठवडे गेले. (सुईनं कॅन्सर पसरत नाही. सुईला घाबरून थांबलं की त्याला वेळ मिळतो.) निदानापर्यंतचा सगळा खर्च कांद्याच्या पट्टीतून झाला. निदान झाल्यावर महात्मा फुले जनआरोग्य योजना धावून आली, केमो आणि ऑपरेशन त्यात बसलं. पण तिथं पोचेपर्यंतचा रस्ता ज्याचा त्यालाच तुडवायचा.

सोनई तुमच्या किचनमध्ये आहे

आता हे सगळं मी तुम्हाला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सचं बुकिंग करून हा अंक चाळणाऱ्यांना का सांगतेय?

कारण सकाळी तुमचा डबा करून देणाऱ्या मावशी बहुधा पंचेचाळीसच्या पुढच्या आहेत. त्यांना विचारून बघा. त्या शहरातच राहतात, मोठमोठी हॉस्पिटलं रिक्षाच्या अंतरावर. तरीही त्यांना आजवर कुणी तपासलेलं नसण्याचीच शक्यता जास्त. टाटाचा अभ्यास मुंबईच्या झोपडवस्त्यांत झाला तो उगाच नाही. त्यांचाही खाडा असतो. तो तुम्ही कापता, किंवा चार घरांपैकी एखादं तरी घर कापतंच. त्यांच्यासाठीही समोर बाप्या डॉक्टर आणि शेजारी पोरगा बसलेला असतो.

आणि तुमची आई? ऑफिसच्या पॅकेजमध्ये तुमचं नाव असतं, पॅरेंट्ससाठी वेगळं भरावं लागतं. आपण मोबाइलचा प्लॅन अपग्रेड करतो आणि ते ‘नेक्स्ट इयर’वर ढकलतो. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या ऑफिसात मॅमोग्राफीचं पॅकेज येत असेल आणि तुम्ही पंचविशीत असाल, तर एचआरला एक मेल टाका. माझ्याऐवजी हे माझ्या आईला देता येईल का? हाउसकीपिंगच्या, कॅन्टीनच्या बायकांना देता येईल का? त्या कॉन्ट्रॅक्टवर असतात, तुमच्याच फ्लोअरवर असतात आणि त्यांचं वयही तेच असतं. ‘पॉलिसीत बसत नाही’ असं उत्तर आलं, तर पॉलिसी कुणी लिहिली ते विचारा.

हे लक्षात ठेवा

• न दुखणारी गाठ, काखेत गाठ, कातडीला खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, निप्पल आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखा स्राव : यातलं काहीही नव्यानं दिसलं तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा.
• बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण ते ठरवायचं काम तपासणीचं, आपलं नाही.
• घरात कुणाला नाही म्हणजे आपल्याला होणार नाही, असं अजिबात नाही. हा कॅन्सर झालेल्या बहुतेकींच्या घरात आधी कुणालाच नसतो.
• आई किंवा बहिणीला कमी वयात झाला असेल तर तुमची तपासणी कधी सुरू करायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारा.
• तिशीपुढच्या बायकांची हातानं तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट करायची असते. हक्कानं मागा. ‘बाई तपासणार का?’ हे विचारायला लाजू नका.
• दवाखान्यात ‘छातीत होतंय’ असं म्हणू नका. ‘अंगावर पाजतो तिथं गाठ आहे’ असं म्हणा. कुणालाही कळतं.

शेवटचा मुद्दा माझ्या मामीचा. “हे लिही तुझ्या पेपरात,” म्हणाली. केमोत गेलेले केस आता बोटभर आलेत, ऑपरेशनच्या बाजूचा हात अजून जड पडतो, त्यामुळे धार सून काढते. दर तीन महिन्यांनी नगरला फॉलोअप असतो. पुढे काय होईल, हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलं नाही आणि तिनंही विचारलेलं नाही.

मात्र तिनं एक हिशोब केलाय. भाड्याची जीप एकीला न्या की सहा जणींना न्या, पैसे तेवढेच. मग रिकामी कशाला न्यायची? मागच्या वेळी तिनं शेजारच्या काकूला बसवलं, तीच ती ओट्यावर ‘नाही’ म्हणणारी. घरच्यांना सांगितलं, “मला सोबत पायजे.” यावर कोण नाही म्हणणार? नगरला पोचल्यावर मामी बाई डॉक्टरांना म्हणाली, “हिलाही बघा.” दार बंद झालं, पाच मिनिटांत उघडलं. काकूला काहीही निघालं नाही.

परतीच्या वाटेवर घोडेगावला सगळ्यांनी चहा घेतला. पुढच्या खेपेसाठी तिघींनी नावं सांगितलीत. त्यातल्या एकीनं अजून घरी सांगितलेलं नाही, तिच्या सासूशी मामीच बोलणार आहे.